आप्पा गायधनींची करंगळी

माणसानं कशावरून हट्टाला पेटावं याला काही धरबंध असावा. कुणी शेताच्या बांधावरून पेटतं, कुणी सोसायटीतल्या पार्किंगवरून. जेल रोडचे चिमाजी गायधनी, म्हणजे सगळ्या कॉलनीचे आप्पा, पेटले ते स्वतःच्या उजव्या पायाच्या करंगळीवरून. आज विचारलं तर ते म्हणतात, "भांडायला दुसरं कुणी नव्हतं का मला?"

झालं होतं एवढंच, की करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढं कुरूप झालं होतं. बूट घातला की टोचायचं, काढला की ठणकायचं. आप्पांनी तो दाणा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या पत्नी साधनाकाकू शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना दाखवून या ना एकदा."

"कुरूपासाठी डॉक्टर?" आप्पा म्हणाले. "उद्या नख वाढलं तर ऑपरेशन करायला सांगशील."

आता खरं सांगायचं तर अडचण कुरूपाची नव्हती, शुगरची होती. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना गोळी सुरू केली होती आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. आप्पांनी दीड वर्षात रक्त तपासलं नव्हतं. पाय दाखवायला गेलं की डॉक्टर पायाआधी रिपोर्ट मागणार, आणि मग लग्नाकार्यांतले गुलाबजाम, संक्रांतीच्या गुळपोळ्या, सगळं एकदम बाहेर येणार. त्यापेक्षा दाणा बरा.

दुसरी अडचण बुटांची होती. आप्पा सरकारी छपाईच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावर कॉलनीतल्या सकाळी फिरणाऱ्यांनी 'आरोग्य प्रभात मंडळ' काढलं आणि आप्पांना अध्यक्ष केलं. वाढदिवसाला मंडळानं त्यांना चांगले भारीतले वॉकिंग शूज भेट दिले. आधी खजिनदारांनी नंबर विचारला तेव्हा आप्पांनी ऐटीत "आठ" सांगितला. नोकरीला लागले तेव्हा त्यांचा पाय आठचा होता. पस्तीस वर्षांत माणूस पसरतो तसा पायही पसरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बूट घट्ट झाले. पण परत करायचे म्हणजे अध्यक्षांना स्वतःच्या पायाचा नंबर ठाऊक नाही असं सगळ्या मंडळासमोर कबूल करायचं. आप्पांनी बूट घातले, टाळ्या झाल्या, आणि दोन महिन्यांत दाणा उगवला.

दाण्याची बातमी पहिल्यांदा कळली ती शेजारच्या ललित कुलथ्यांना. कुलथे बँकेतून निवृत्त झालेले. जगात असा एकही आजार नव्हता जो त्यांच्या एखाद्या साडूला होऊन बरा झाला नव्हता.

"मेडिकलमध्ये पट्टी मिळते," कुलथे म्हणाले. "मधे औषधाची टिकली असते. चिकटवायची, चार दिवसांत कुरूप मुळासकट बाहेर. माझ्या साडूनं तर बाहेर आलेलं कुरूप डबीत जपून ठेवलंय."

आप्पांनी पट्टी आणली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मधुमेह असणाऱ्यांनी ही पट्टी वापरू नये. आप्पांची सगळी नोकरी छपाईतले केसाएवढे दोष शोधण्यात गेलेली. हजारो कागदांतून एक वाकडी रेघ ते बोटानं दाखवायचे. पण ते पाकीट त्यांनी फाडलं आणि न वाचता केरात टाकलं. घरच्या कागदाला कोण तपासतं?

चार दिवसांनी पट्टी काढली तर कुरूप होतं तिथेच होतं, आजूबाजूची कातडी मात्र पांढरीफटक होऊन सोलायला आली होती. कुलथे म्हणाले, "म्हणजे औषध लागू पडतंय."

त्याच सुमाराला दारावर भाजी घेऊन येणाऱ्या चिमणाबाईंनी आप्पांना पायरीवर तळवा वर करून बसलेलं पाहिलं. पळसे गावाकडून मेथी-कोथिंबीर घेऊन येणारी ही बाई पंधरा वर्षं या घरी येत होती, त्यामुळे तिला आप्पांच्या पायाबद्दल बोलायचा हक्क होता.

"ह्ये पट्ट्याबिट्ट्या काय कामाच्या नाय," ती म्हणाली. "बिब्बा लावा, आप्पा. सुईवर टोचायचा, दिव्यावर धरायचा, त्याल गळतंय त्ये थेंब-थेंब सोडायचं. लय गुणाचं हाय. आमच्या मालकाचा पाय बघा, घोड्यावानी झालाय."

"बिब्बा उततो हं," साधनाकाकू आतून म्हणाल्या.

"उतणाऱ्याला उततो," चिमणाबाई म्हणाल्या, आणि मेथीच्या जुड्या मोजू लागल्या.

रविवारी दुपारी आप्पांनी बाथरूममध्ये स्टुलावर बसून बिब्बा लावला. तेल पायावर पडलं, थोडं फरशीवर पडलं, थोडं बोटांना लागलं. चटका म्हणावा तसा बसला नाही. आप्पांना तेव्हा आपल्या सहनशक्तीचं कौतुक वाटलं. मग त्यांनी त्याच बोटांनी डोळ्यावरचा घाम पुसला.

संध्याकाळपर्यंत डोळा दिसेनासा झाला. पापणी कचोरीसारखी फुगली, गालावर पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक होती. अध्यक्ष जानेवारीच्या थंडीत, सकाळी साडेसहाला, काळा गॉगल लावून हजर झाले. कुणी काही विचारलं नाही, पण दुपारी तिघंजण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं समजून भेटायला आले. कुलथ्यांनी द्राक्षं आणली. आप्पांनी गैरसमज दूर केला नाही आणि द्राक्षंही संपवली.

डोळा आठवड्यात उतरला. पायाला मात्र बिब्ब्याच्या जागी काळा डाग पडून वर फोड आला. आता काकूंनी हट्ट धरला. "मी येते बरोबर. आज दाखवायचंच."

ते शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. केसपेपरच्या खिडकीपाशी पाऊण तास उभं राहिल्यावर आतल्या माणसानं विचारलं, "कुठला विभाग?"

"पाय," आप्पा म्हणाले.

"पाय असा विभाग नाही."

"मग पायवाले कुठे जातात?"

"काका, कातडी का हाड ते सांगा. मागे लाईन आहे."

आप्पांनी कातडी सांगितली. कातडीवाल्या डॉक्टरांनी तीन फुटांवरून पाहिलं आणि हाडाकडे पाठवलं, जिना चढून, दुसऱ्या मजल्यावर. हाडाकडच्यांनी फोटो काढायला सांगितला, तो तळमजल्यावर. फोटोवाल्यानं कागदावर शिक्का नाही म्हणून परत वर पाठवलं. शिक्का मारणारी बाई जेवायला गेली होती. आप्पा त्या दिवशी जेवढे जिने चढले-उतरले तेवढे सगळं मंडळ वर्षभरात चढलं नसेल. शेवटी शिक्का झाला, तेव्हा एका शिकाऊ डॉक्टरनं सहज विचारलं, "आजोबा, शुगर आहे का? आधी तेवढं रक्त देऊन या, अकरा नंबरला."

आजोबा! आप्पा ताठ झाले. एक तर आजोबा, वर शुगर. "उद्या उपाशीपोटी येतो," ते म्हणाले. रिक्षात बसल्यावर काकूंनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?" आप्पांनी बिटको चौकातल्या रहदारीवर बराच वेळ टीका केली. तो उद्या कधी उजाडला नाही.

आणि मग चमत्कार झाला. पाय दुखायचा थांबला.

एका सकाळी आप्पांनी बूट घातला आणि काहीच झालं नाही. टोचलं नाही, ठणकलं नाही. त्यांनी घरातल्या घरात दोन चकरा मारल्या, पाय आपटून पाहिला. काही नाही! त्या आठवड्यात आप्पा भेटेल त्याला सांगत सुटले की डॉक्टरांशिवाय काही अडत नाही. कुलथे म्हणाले पट्टीचा गुण, चिमणाबाई म्हणाल्या बिब्ब्याचा. आप्पांनी दोघांनाही मान दिला, कारण विजयी माणसाला उदार होणं परवडतं. तळवा वाकून पाहायचं मात्र त्यांनी सोडून दिलं. दुखत नाही ते काय पाहायचं? शिवाय पोटामुळे वाकवतही नव्हतं.

विजयाच्या भरात त्यांनी मंडळातर्फे जनजागृती फेरी जाहीर केली. 'पाय चालले, आयुष्य चालले' असा फलक रंगवून आणला. जेल रोडवरून निघायचं, बिटको, मुक्तिधाम, देवळाली गाव आणि परत. चांगली सात किलोमीटर. फलकाची पुढची काठी अर्थात अध्यक्षांच्या हातात.

फेरीच्या दोन दिवस आधी आप्पा बूट जरा सैल करून घ्यायला हबीबभाईंकडे गेले. हबीबभाईंचं चपलांचं छोटं दुकान होतं आणि ते दुरुस्तीही करायचे. आप्पांचा त्यांच्याशी वीस वर्षांचा परिचय. हबीबभाईंनी उजवा बूट हातात घेतला, आत हात घातला, बोटं बाहेर काढून नाकाशी नेली आणि बूट खाली ठेवला.

"साहेब, मोजा काढा जरा."

"कशाला? बूट सैल करायचाय."

"आतून ओला आहे. वास पण येतोय. एकदा बघू द्या."

"घाम असेल. मला काही दुखत नाही, हबीबभाई."

"म्हणूनच म्हणतो, साहेब. आमच्या अब्बांना पण दुखत नव्हतं. दुखत असतं ना, तर आम्ही वेळेवर पळालो असतो. तुम्ही आज, आत्ता डॉक्टरकडे जा. बूट मी नंतर फुकट करून देतो."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. आप्पांना ते लागलं. सगळ्यांसमोर एक चपलावाला आपल्याला आपल्या पायाबद्दल सांगतो! ते म्हणाले, "हबीबभाई, तुम्ही चपला बघा. पायांचं आमचं आम्ही बघू." आणि बूट उचलून, सैल न करताच, निघून आले.  हबीबभाई खाली बघून खिळे गोळा करत बसले.

आपलं ते वाक्य आप्पांनी नंतर किती वेळा आठवलं असेल त्याला मोजमाप नाही. माणूस मोठ्या चुका विसरतो, पण असं एखादं वाक्य अन्नाच्या घासाबरोबर वर येत राहतं.

फेरी मात्र झकास झाली. आप्पा शेवटपर्यंत पुढे होते. मुक्तिधामपाशी त्यांनी पाच मिनिटं भाषणही केलं: पायांची काळजी घ्या, पाय हेच आपलं दुसरं हृदय आहे वगैरे. घरी येऊन बूट, मोजे दारात काढले, सोफ्यावर बसले आणि चहा मागितला.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि मधेच थांबल्या. दारापासून सोफ्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर पावलं उमटली होती. एकाच पायाची. तांबूस, चिकट, एका ओळीत.

"काय सांडलं हे?" आप्पांनी विचारलं.

काकूंनी कप खाली ठेवला, त्यांच्या पायाशी बसल्या आणि तळवा वर केला. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. करंगळी निळसर-काळी पडली होती, आणि तिच्या खाली, जिथे ज्वारीचा दाणा होता, तिथे बोट जाईल एवढी जखम होती.

संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. कुलथ्यांनी स्वतःची गाडी काढली आणि या वेळी साडूचं नाव घेतलं नाही. कॉलनीतल्या कुणीतरी सांगितलेल्या, मधुमेहींच्या पायांवरच उपचार करणाऱ्या डॉक्टर अरफा यांच्याकडे ते गेले. तिशी-पस्तिशीची, शांत बोलणारी बाई. तिनं पाय हातात घेतला, आपल्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला. आप्पांना संकोच वाटला. आजवर कुठल्या डॉक्टरनं त्यांच्या पायाला हात लावला नव्हता.

"काका, डोळे मिटा," ती म्हणाली. "मी हा नायलॉनचा दोरा पायाला ठिकठिकाणी टेकवणार आहे. कळलं की हो म्हणा."

आप्पांनी डोळे मिटले आणि वाट पाहिली. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. काकूंचा श्वास ऐकू आला. बराच वेळ गेला. त्यांना वाटलं, डॉक्टर काहीतरी लिहून घेत असेल.

"करा ना सुरू," ते म्हणाले.

"काका," डॉक्टर म्हणाली, "माझं झालं."

आप्पांनी डोळे उघडले. डॉक्टरच्या हातात दोरा होता, आणि काकू भिंतीकडे बघत होत्या.

"दहा ठिकाणी लावला. तुम्हाला एकही कळला नाही. जखम बरी झाली म्हणून दुखायचं थांबलं नव्हतं. पायाला कळायचंच थांबलं होतं. शुगर असली की घट्ट बूट, पट्टी, ब्लेड, बिब्बा, काही चालत नाही. साधा फोड आला, रंग बदलला, नख मांसात गेलं, की त्याच दिवशी यायचं. आणि दुखत नसेल तर अधिक घाईनं यायचं. दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर पंधरा मिनिटांचं काम होतं."

करंगळी वाचली नाही. पाय वाचला, याबद्दल सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आप्पांनीही मानले, पण मनापासून मानायला त्यांना महिना लागला. करंगळी म्हणजे काय, एवढंसं बोट. त्रेसष्ट वर्षांत त्यांनी तिच्याकडे दोनदा पाहिलं नसेल, तेही पलंगाच्या पायाला आपटली म्हणून. पण ती गेली आणि चालताना अंग एका बाजूला कलायला लागलं. रात्री पांघरुणात पाय हलवला की तिथे काहीतरी आहे असंच वाटायचं. भेटायला आलेले कुलथे म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, डॉक्टरला दाखवा." आप्पांनी मान हलवली. पूर्वीचे आप्पा असते तर तासभर वाद घातला असता.

चालायची परवानगी मिळाल्यावर ते पहिल्यांदा गेले ते हबीबभाईंकडे. दुकानात गिऱ्हाइकं होती. आप्पा मुद्दाम ती असतानाच आत शिरले.

"हबीबभाई, मी त्या दिवशी चुकीचं बोललो."

"जाऊ द्या, साहेब." हबीबभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. मऊ तळाची चप्पल बनवून देतो. डॉक्टरबाईंचा कागद आणलाय ना?"

"तुमच्या अब्बांचं... किती गेलं होतं?"

हबीबभाईंनी तळहात आडवा करून स्वतःच्या गुडघ्याला लावला. मग वहीवर आप्पांचा पाय ठेवून कडेनं पेन्सिल फिरवू लागले. करंगळीच्या जागी पेन्सिल क्षणभर थांबली आणि आतून वळली. आप्पांना त्यांच्याकडे बघवेना.

मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं. रोज सकाळी काकू आरसा धरून त्यांचे दोन्ही तळवे बघायच्या, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, कोमट पाण्याला आधी स्वतःचा हात लावून बघायच्या. आप्पांना लाज वाटायची, पण ते पाय पुढे करायचे. दर बुधवारी दोघं ड्रेसिंगला जायची.

अशाच एका बुधवारी ड्रेसिंग झालं. काकू तासभर बाकावर बसून होत्या, त्या उठल्या. एक हात भिंतीला, टाच न टेकवता, चवड्यांवर तीन-चार पावलं टाकून दाराशी आल्या. डॉक्टर अरफा हात धूत होती. तिनं नळ बंद केला.

"काकू, असं कधीपासून चालताय?"

"तिचं काही नाही," आप्पा म्हणाले, "ती आपली..."

"काही नाही हो," काकू म्हणाल्या. "टाच धरते. सकाळी उठलं की पहिली दहा-बारा पावलं फार. जिवावर येतं खाली पाय ठेवायला. मग कामाला लागलं की सुटते."

"हो, पण कधीपासून?"

काकूंनी आठवून पाहिलं. "सुवर्णाचं, आमच्या मुलीचं, लग्न झालं त्याच्या आधीपासून. म्हणजे आठ-नऊ वर्षं झाली."

"आणि कुणाला दाखवलं नाहीत?"

"कुरकुर कशाला करायची? चालतंय तोवर चालतंय."

आप्पा टेबलाच्या कडेला बसले होते, बँडेजचा पाय लोंबता. नऊ वर्षं. नऊ वर्षं ते रोज सकाळी सहाला अंथरुणात पडल्या पडल्या एक आवाज ऐकत आले होते: कपाटावर हाताची थाप, मग भिंतीवर, मग दाराच्या चौकटीवर, मग स्वयंपाकघरात भांडं. आपल्याला उठवायला ही मुद्दाम आपटते, अशी त्यांची समजूत होती. एकदोनदा ते खेकसलेही होते, "जरा हळू!" ती बिचारी एकेक आधार धरत चहा करायला जात होती.

"याला सहसा ऑपरेशनबिपरेशन लागत नाही," डॉक्टर सांगत होती. "व्यायाम आहेत, पायातलं बदलावं लागेल. तपासून सांगते. बाहेर फॉर्म भरून द्या."

"मी भरतो," आप्पा घाईनं म्हणाले. "तू बस. उठू नको."

काठी टेकत ते बाहेरच्या टेबलापाशी गेले. तिथल्या मुलीनं नवा कागद पुढे ओढला. नाव विचारलं, आप्पांनी सांगितलं. वय सांगितलं. पत्ता, फोन, धडाधड सांगितला.

"तक्रार?"

"टाच दुखते. सकाळी उठल्यावर. नऊ वर्षांपासून."

मुलीनं लिहिलं. मग पेन थांबलं.

"कोणती टाच, काका? उजवी का डावी?"

 मुलगी वाट बघत होती. आप्पांनी वळून अर्ध्या उघड्या दारातून आत पाहिलं. काकू बाकावर दोन्ही पाय जवळ घेऊन बसल्या होत्या, साडीच्या काठाखाली दोन्ही टाचा झाकलेल्या.

"थांबा जरा," आप्पा म्हणाले. "विचारून येतो."